लेण्यातला हुंकार

बसा. हिरीवरच्या मोटारीची लाइट बारा वाजल्याबिगर काय येत न्हाई. तवर सांगतो. पण एक अट हाय. मी सांगताना मधी कुणी ‘हूं’ म्हणायचं न्हाई. हसू नको, आदेश. तेजस्विनी, ती गोधडी घे अंगावर, गारठा पडलाय.

माझा साडू सावळेराम तुमी पाह्यलेला न्हाई. माझी बायको अन त्याची लंकाबाई सख्ख्या बहिणी. जुन्नरच्या मावळतीला, डोंगराच्या पायथ्याला त्याची वाडी. भाताची दोन-चार खाचरं, वरच्या अंगाला नाचणी. पोरगी प्रतिभा पेठला दिलेली. लंकाबाई गेली तसा घरात ह्यो येकटाच. अन माणूस लई बोलका. पण बोलायचं कुणाशी? मंग भाकरी थापताना लंकाबाईशीच बोलायचा. “लंके, आज पीठ जरा सैल झालं बघ.” वाडीला सवय झाली व्हती. कुणी हसायचं बी न्हाई.

त्या वाडीच्या वर कड्यात लेणी हायेत. नाव सांगत न्हाई, न्हाईतर उद्याच गाड्या काढून निघाल. लई जुन्या काळी तिथं बौद्ध भिक्खू पावसाळाभर राह्यचे. मधी मोठं दालन, तीन अंगाला खोल्या, अन निजायला दगडातच कोरलेले ओटे. तिथला राखणदार जानकू, त्याच वाडीतला.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. तारीख एकतीस डिसेंबर. शुक्रवार व्हता. शिनोलीला जानकूच्या बहिणीकडं त्या राती जागरण-गोंधळ. अन आदल्या थर्टीफर्स्टला टवाळ पोरांनी लेण्यात जाळ करून बाटल्या फोडलेल्या. म्हणून जानकू सावळेरामाकडं आला.

“भाऊ, आजची रात वर निजता का? पोरं आली तर पिटाळून लावायची, बास.”

“निजतो की. हितं तरी माझी वाट कोण बघतंय?”

दिवस मावळायच्या आत सावळेराम वर गेला. घोंगडी, काठी, बॅटरी अन फडक्यात बांधलेली भाकरी. पायऱ्यांवर बसून जेवला. खाली वाडीतले दिवे लागले. त्याच्या घरात तेवढा अंधार. ते त्याला वरनं लगीच वळखू आलं.

नऊच्या सुमाराला पोरं आलीच. हातात पिशव्या. ह्यानं दालनाच्या दारातनं बॅटरी मारली. “माघारी फिरा रं. हितं काय करायचं न्हाई.”

पोरं बापडी वळली. त्यातला एक जाताजाता म्हणला, “चाललो, बाबा. हॅपी न्यू इयर. तुमच्या मागं बसलेत, त्या बाबांना पण सांगा.”

सावळेराम हसला. आत्ताच एवढी चढली का, म्हणला. मागं वळून बघितलं बी न्हाई.

मंग कोपऱ्यातली एक खोली बघून तो आत शिरला. खोलीत दोन ओटे, समोरासमोर. एकावर घोंगडी टाकली अन पडला. झोप काय लागंना. बाराला फटाके वाजले तसा उठून दारात आला. पार लांब, जुन्नरात, आभाळ लाल-हिरवं व्हत व्हतं. उजेड आधी दिसायचा, आवाज मागनं यायचा. सगळं जग नवं साल करतंय… अन ह्यो कड्यात उभा.

फटाके थांबले. तो माघारी येऊन पडला. बॅटरी विझवली. सवयीनं म्हणला, “लंके, सरलं बघ साल.”

“हूं.”

शेजारच्या खोलीतनं.

बाईमाणसाचा न्हाई. बाप्याचा आवाज. म्हातारा. कुणी गोष्ट सांगताना आपण देतो ना हुंकार, तसा.

सावळेरामाला वाटलं, दगडात आवाज फिरला असंल. त्यानं पुन्हा बोलून बघितलं. “नाचणी बरी झाली यंदा.”

“हूं.”

मला नंतर म्हणला, “रखमाजी, खरं सांगतो, आधी भ्या वाटलंच न्हाई. बरं वाटलं. दोन वर्सं झाली, माझ्या बोलण्याला कुणी हूं म्हणलं नव्हतं.”

मंग काय… बोलत सुटला. लंकाबाईचं दुखणं. दवाखान्यातल्या राती. तिला माघारी घरी आणताना भेटलेला पाऊस. प्रतिभा पेठला घेऊन जाते म्हणायची अन ह्यो जात न्हाई, ते. मनात साठलेलं सगळं. अन दर वाक्याला तिकडनं, “हूं.”

घसा सुकला. पानी प्यायला म्हणून तो थांबला.

शेजारी कुणीतरी उठलं.

अनवाणी पाय. दगडावर. हळूहळू. दालनात आले… वळले… ह्याच्या खोलीकडं.

“मंग आमी बैल इकला,” सावळेराम घाईनं म्हणला.

पाय थांबले.

“हूं.”

आता दारातनं.

तवा त्याला कळलं. बोलतोय तवर ते थांबतंय. गप बसलं की चालतंय.

तो बोलत राह्यला. लहानपणचं सांगितलं. आईचं सांगितलं. ढोरं वळायला जायचा ते. लग्नात कुणी काय आहेर केला ते. दम घ्यायला थांबला की पाऊल. बोलला की हूं. अर्धी रात उलटल्यावर कधीतरी चांद उगवला. दालनात उजेड आला. दाराची चौकट स्वच्छ दिसाया लागली.

दारात कुणी न्हाई.

“हूं.”

आत. खोलीत. हातभरावर.

त्यानं डोळं गच्च मिटलं. घोंगडी तोंडावर घेतली. तशातच बोलला. आवाज बसला. शब्द फुटंना. कालपरवाचं सांगितलं. आज सकाळचं सांगितलं. संध्याकाळी पायऱ्या चढून आलो, ते सांगितलं. अन पुढं…

पुढं काय उरलंच न्हाई.

गप झाला.

पाऊल वाजलं न्हाई.

काहीच न्हाई…

लई वेळानं, कानाशी, बारीक आवाजात—

“मंग?”

सावळेरामाच्या तोंडातनं निव्वळ वारा निघाला. “मंग काय… मी येकटाच.”

कुणीतरी मोठा सुस्कारा टाकला. अन मंग… कायबी न्हाई. तांबडं फुटंपर्यंत.

त्या सकाळी मी पहिल्या एस.टी.नं वाडीत उतरलो व्हतो, आमच्या कांदालागणीला त्याला न्यायला. घर बंद. जानकू शिनोलीहून येतच व्हता. दोघं वर गेलो. सावळेराम पायऱ्यांवर बसलेला. डोळं लाल. आवाज पार गेलेला. माझ्या कानाला तोंड लावून, थांबत थांबत त्यानं ह्ये सगळं सांगितलं. मी त्याला धरून बसलो, दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात तो पेठला लेकीकडं गेला. नातवंडांच्या मधी निजायचा. आवाज आला माघारी, पण बोलणं कमीच. मरंपर्यंत वाडीत राह्यला आला न्हाई. मी एकदा इचारलं, “भ्या वाटतं का अजून?” तर म्हणला, “माझं काय न्हाई रं. मी आलो लेकीकडं. त्याला कोण हाय तिथं?”

पण त्या सकाळचं एक राह्यलं. घोंगडी आणायला मी अन जानकू आत गेलो. भुईला वटवाघळांच्या घाणीचा अन धुळीचा हा एवढा थर. त्यात सावळेरामाच्या चपलांचे ठसे. दारातनं त्याच्या ओट्यापर्यंत, बास. दुसरं पाऊल न्हाई.

अन समोरच्या ओट्यावर, वर्सानुवर्सांच्या धुळीत, माणूस निजल्याचा ठसा. ताजा. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, हाताची उशी करून. तोंड सावळेरामाच्या ओट्याकडं.