अर्ध्यावरचा काटा

काटा अर्ध्यावर होता आणि गाडी बंद पडली.

डॉक्टरिणीने किक मारली. पुन्हा मारली. मग गाडी डाव्या अंगाला पार आडवी केली. इंजिन एकदा खाकरलं, गाडी दोन वळणं पुढे गेली... आणि इंजिन गप्प झालं ते झालंच. घाटात चिटपाखरू नव्हतं. वारा मात्र कानाशी नुसता घोंघावत होता.

गुरांची डॉक्टर होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला आणि आत्या धावतच आली, "अगं, वरच्या पठारावरच्या त्या मावशीची गाय अडलीय! वासराचे पाय बाहेर आणि डोकं आतच, म्हणे!" मावशीच्या घरात दुभतं जनावर तेवढं एकच. डॉक्टरिणीने हातातला घास तसाच ठेवून पिशवी उचलली होती.

आणि नेहमीची एक गोष्ट करायची राहिली होती.

गाडी तिच्या बाबांची. बाबा त्या गाडीला ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारीचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं अर्ध्यावर अडकलेला. टाकी भरा नाहीतर सांडा, तो जागचा हलायचा नाही. म्हणून बाबा निघण्याआधी गाडी दोन्ही हातांनी हलवायचे आणि टाकीला कान लावायचे. ‘डुबुक’ आलं तर लांब जाता येईल, ‘खळखळ’ आली तर जेमतेम पंपापर्यंत. बाबा गेल्यावरही पोरगी तशीच कान लावायची. सगळं गाव हसायचं, पण ती रस्त्यात कधी अडकली नाही. मागच्या आठवड्यात मात्र तिने हौसेने मिस्त्रीकडून नवा काटा बसवून घेतला. काटा छान वरखाली व्हायला लागला, आणि तिने कान लावायचं सोडलं. आत टाकीत तरंगणारा, काटा हलवणारा गोळा कडेला अडकला होता, काटा पुन्हा अर्ध्यावरच थांबला होता, आणि मिस्त्रीने पेट्रोलचा कॉकही रिझर्व्हवरच ठेवलेला, म्हणजे राखीव पेट्रोलही संपलेलं. तिने या वेळी काट्यावर विश्वास ठेवला होता!

खालून घरघर ऐकू आली. एक कोरी करकरीत मोटारसायकल वर येत होती... पण किती सावकाश! मोकळ्या रस्त्यावर तो माणूस असा चालवत होता, जणू मागच्या सीटवर अंडी ठेवली आहेत.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"बाजूला व्हा ना!" तो ओरडला. "ब्रेक लावायला लावू नका!"

"का? ब्रेक नाहीत?"

"आहेत. पण लावले की पेट्रोल वाया जातं."

एवढ्या घाईतही ती त्याच्याकडे बघतच राहिली. उन्हाने रापलेला चेहरा, भुवयांवर धूळ, आणि डोळे मात्र वैतागलेले असूनही हसरे. त्याने शेवटी ब्रेक लावलाच, आणि असा सुस्कारा सोडला की जणू दात उपटला.

"थोडं पेट्रोल द्या. गाय अडलीय. वासरू गुदमरेल."

त्याने टाकीच्या झाकणाकडे बोट केलं. झाकणावर शिशाचं सील होतं. तो मोटारसायकलच्या कारखान्यातला चाचणीवाला होता. नवी गाडी खऱ्या रस्त्यावर किती मायलेज देते, ते बघायचं त्याचं काम. कचेरीने पेट्रोल मोजून घालायचं, त्याने ठरलेली फेरी एकट्याने मारायची, उरलेलं पुन्हा कचेरीने मोजायचं. आधीच्या दोन फेऱ्या बाद झाल्या होत्या. एकदा साखळी तुटली, एकदा तो रस्ता चुकला.

"साहेब म्हणालेत, ही फेरी बिघडली तर कामावर येऊ नकोस," तो म्हणाला. "सील तोडलं की फेरी बाद."

"मग मला मागे बसवा."

"तरी बाद."

"मग काय करायचं? इथे बसून तुमच्या सीलची शोभा बघू?"

तिने पिशवी उराशी धरली होती. बोटं पांढरी पडली होती. त्याने एकदा वर पठाराकडे पाहिलं, एकदा सीलकडे... आणि एकदा त्या बोटांकडे.

"फेरी संपत आलीय, उरलेल्या एवढ्याशा पेट्रोलात दोन गाड्या वर पोचायच्या नाहीत," तो हळूच म्हणाला. "एका गाडीवर दोघं कदाचित पोचतील. बसा."

ती बसली. पिशवी मधे ठेवली. वळण आलं की पिशवी एकीकडे सरकायची आणि तिचा हात नाइलाजाने त्याच्या खांद्यावर जायचा. सरळ रस्ता लागला की ती तो काढून घ्यायची.

"जोरात चालवा ना!"

"जोरात चालवली तर पोचणारच नाही. श्वास जरा हळू घ्या, वजन वाढतंय."

"श्वासाचं वजन असतं?"

"माझ्या मानेवर पडतोय म्हणून म्हणालो."

ती मागे सरकून बसली. कान मात्र तापले.

चढ उभा झाला. तिने त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "अहो, काटा वाढला की!"

"चढावर सगळेच काटे फुशारक्या मारतात. पेट्रोल टाकीत मागे जातं, गोळा वर उचलला जातो. सपाटीवर बघा, कसा तोंडावर पडतो."

सपाटी आली आणि काटा खरोखरच लाल रेघेखाली गेला. उतार आला की तो इंजिन बंद करायचा. मग फक्त चाकांची सरसर, वारा, आणि पिशवीतल्या बाटल्यांची किणकिण. प्रत्येक वेळी इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागे. त्या वासराला एवढा वेळ आहे का? आधीच उशीर झाला असेल तर?

पठारावरचं कौलारू घर दिसलं, आणि तेवढ्यात गाडी दोन आचके देऊन थांबली.

"संपलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "माझी गाडी कधी कोरडी पडलीच नव्हती. नेहमी मोजून देतात ना..."

"उतरा. धरा इकडून. आडवी करा, डावीकडे! अजून!"

"सांडेल!"

"सीलबंद आहे ना? मग सांडतंय कशाला! अहो, टाकीचा तळ मधोमध उंच असतो खोगिरासारखा. कॉक डाव्या अंगाला. उजव्या अंगाचं पेट्रोल तिकडेच बसून राहतं. म्हातारीने मला किती वेळा रडवलंय, तुम्हाला काय माहीत!"

गाडी उभी केल्यावर तिने टाकीला कान लावला. तोही वाकला. दोघांच्या मधे फक्त टाकीची रुंदी. आतून अगदी बारीक आवाज आला... खळ्.

"पुरेल?" त्याने कुजबुजत विचारलं.

"पुरायलाच हवं."

पुरलं. अंगणात शिरताना इंजिन शेवटचं खोकलं.

गाय आडवी पडली होती. मावशी तिच्या मानेशी बसून होती. "आलीस गं पोरी... मला वाटलं, येत नाहीस आता."

डॉक्टरिणीने बाह्या सारल्या, हात धुतले. वासराचं डोकं मागे वळलेलं होतं. आधी वासरू आत ढकलायचं, मग मान वळवून घ्यायची. घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता. हात आत कळ मारत होता आणि बाहेर कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं.

"दोरी धरा," ती त्याला म्हणाली. "मी म्हणेन तेव्हाच ओढा. हिसका नाही द्यायचा."

"सावकाश ओढायचं म्हणता? ते माझ्याइतकं कुणाला जमत नाही."

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी वासराची मान वळून हाताशी आली. "आता!"

वासरू बाहेर आलं आणि निपचित पडलं. मावशीने तोंडाला पदर लावला. डॉक्टरिणीने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गवताची काडी नाकात घातली, बरगड्या चोळल्या. काही नाही. पुन्हा चोळल्या. तो मायलेजवाला तिच्या शेजारी गुडघे टेकून तिच्यासारखंच चोळू लागला.

वासरू शिंकलं.

मावशी रडता रडता हसली. "दोघांनी मिळून आणलंत हो त्याला!"

दोघांनीही एकदम दुसरीकडे पाहिलं.

परतायला मावशीच्या नवऱ्याने पाण्याच्या इंजिनाचं पेट्रोल देऊ केलं. मायलेजवाल्याने पक्कड मागितली आणि सील तोडलं. तो बारीकसा ‘कट्’ आवाज तिच्या काळजात घुसला.

"सांगा ना, पाइप गळत होता म्हणून," ती घाईघाईने म्हणाली. "मागे कुणी बसलं होतं हे त्यांना कसं कळणार? मी कुठे बोलणार नाही. नोकरी जाईल तुमची!"

त्याने शिशाचा तुकडा खिशात टाकला.

"तुमचा काटा खोटं बोलला म्हणून तुम्ही आज घाटात अडकलात. मीही खोटं सांगितलं, तर माझ्या आकड्यावर विसंबून उद्या आणखी कुणीतरी अडकेल." मग तो हसला. "आणि प्रत्येक घाटात काही मी भेटणार नाही."

म्हातारीपाशी आल्यावर त्याने तिच्या टाकीत पेट्रोल ओतलं, मान लववली आणि तो गेला... तितक्याच सावकाश. वळणाआड जाईपर्यंत ती बघत उभी होती, आणि वळण यायला त्याला फारच वेळ लागला.

मग त्याचा पत्ताच नाही. कारखान्याचं नाव विचारायचं तिला सुचलं नव्हतं. रस्त्यावर घरघर आली की आत्या मुद्दाम म्हणायची, "बघ गं, कुणाची गाय आली का!" डॉक्टरीण चिडायची, आणि तरीही खिडकीशी जायची. नोकरी गेली असणार. आपल्यामुळे गेली असणार. रात्री अंथरुणावर हाच किडा डोकं पोखरायचा. मिस्त्री नवा काटा फुकट बदलून द्यायला तयार होता; तिने नको म्हटलं. जुना, अर्ध्यावर अडकलेलाच परत लावून घेतला.

एका सकाळी ती निघण्यापूर्वी टाकीला कान लावून उभी होती.

"काय म्हणतेय म्हातारी?"

ती दचकली. फाटकाशी तो उभा होता. तीच गाडी, पण झाकणावर सील नव्हतं.

"नोकरी...?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"साहेब आधी खूप ओरडले. घरी बसवलं. मग त्यांच्या बायकोने त्यांना विचारलं म्हणे, तुमच्या गाड्यांवर माणसं एकेकटीच फिरतात का हो?" तो थांबला, भुवईवरची धूळ उगाचच पुसली. "आता नवी चाचणी काढलीय. मागे माणूस बसवून. फक्त... मागचं माणूस कारखाना देत नाही. ज्याचं त्याने शोधायचं."

"सापडलं?"

"सापडलंय. विचारायचा धीर होत नव्हता."

आतून आत्याच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. मुद्दामच पाडलं असणार.

"आणि ही चाचणी चालते किती?" डॉक्टरिणीने जमिनीकडे बघत विचारलं.

"टाकी संपेपर्यंत."

"संपल्यावर?"

"भरायची. मग पुन्हा पहिल्यापासून..."

ती त्याच्या गाडीपाशी गेली, दोन्ही हातांनी ती हलवली आणि टाकीला कान लावला. तो श्वास रोखून उभा राहिला, त्या दिवशी वासरापाशी रोखला होता तसाच.

"काठोकाठ आहे," ती म्हणाली आणि मागे बसली. या वेळी पिशवी तिने मधे ठेवली नाही.