डोळ्यात कोण उभं होतं?

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तो फोटो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

यात मध्यरात्र नाही. वादळ नाही. दिवेही गेले नव्हते.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन.

जागा म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरचा फोटो स्टुडिओ. खिडक्यांना जाड काळे पडदे. एका भिंतीवरून पांढऱ्या कागदाचा भलामोठा रोल खाली जमिनीपर्यंत सोडलेला. त्या कागदावर चप्पल घालून पाऊल टाकलं तर मास्तर जीव घ्यायचे.

मास्तर म्हणजे स्टुडिओचे मालक. तेच शिकवायचे. दोन महिन्यांचा वर्ग, पाच मुलं, आणि शेवटी जो सगळ्यात चांगलं काम करेल त्याला तिथेच मदतनीस म्हणून नोकरी.

ताईला, म्हणजे माझ्या या मावसबहिणीला, ती नोकरी हवी होती. नुसती हवी नाही, हवीच होती! घरून निघताना काका, म्हणजे तिचे बाबा, म्हणाले होते, "दोन महिने दिले. काम मिळालं तर राहा. नाहीतर मुकाट परत ये, आणि पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही."

पण त्या शहरात ताईचं कुणी म्हणजे कुणीच नव्हतं.

वर्गातली बाकीची चौघं दोन-दोनच्या जोड्यांनी आलेली. सरावाला ती एकमेकांचे फोटो काढायची. ताईसमोर बसायला कोण? ती रिकाम्या स्टुलावर आपलं जॅकेट टाकायची आणि त्याच्यावर लाइट लावायची.

"काय गं, आज हसलं का तुझं स्टूल?" बाकीचे विचारायचे.

"हसलं की. तुमच्यापेक्षा बरं दिसतं," ताई म्हणायची. मग खोलीवर जाऊन एकटीच जेवायची. कधीकधी दिवसभरात तेवढंच एक वाक्य बोललेली असायची.

शेवटचं काम होतं, स्वतःचा फोटो स्वतः काढायचा. मास्तरांची अट एकच. "आत दुसरं कुणी नको. लाइट तुमचा, फोकस तुमचा, चेहरा तुमचा."

ऐकायला सोपं वाटतं ना? मास्तरांनी दिलेली लेन्स अशी होती की पापणीवर फोकस केला तर कान धूसर व्हायचा. स्वतः समोर बसलं की फोकस करणार कोण? म्हणून ताई स्टुलाच्या जागी लाइटचा एक रिकामा स्टँड उभा करायची, त्याच्या टोकावर फोकस करायची, स्टँड काढून स्टूल ठेवायची, बटण दाबायची आणि पळत जाऊन बसायची. दहा सेकंदांत. डोकं बोटभर जरी पुढे-मागे झालं तरी फोटो वाया.

त्या रविवारी स्टुडिओ बंद, म्हणून मास्तरांनी किल्ली ताईकडे दिली होती. पंधरा फोटो वाया गेले.

सोळाव्या वेळी ती बटण दाबून धावली. बसली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता. टिक… टिक… टिक…

आणि मधेच…

खर्रर्र.

अगदी बारीक आवाज. ताईच्या रोजच्या ओळखीचा. लेन्सची फोकसची कडी हाताने फिरवली की होतो, तो.

कॅमेऱ्याजवळ कुणीही नव्हतं.

खटॅक! फ्लॅश उडाला.

ताईने जाऊन फोटो पाहिला आणि ती आवाज-बिवाज सगळं विसरली. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट! आणि चेहरा… कुणीतरी खूप दिवसांनी भेटल्यावर होतो तसा. ती स्वतःच्याच हसण्याकडे बघत राहिली.

सोमवारी मास्तरांनी तो फोटो मोठ्या पडद्यावर लावला. "वा!" ते म्हणाले. मग त्यांनी डोळा मोठा करायला सुरुवात केली. ही त्यांची सवयच. फोटो काढताना समोर काय होतं ते डोळ्याच्या बाहुलीत उमटतं, लाइट कुठे लावला होता तेही कळतं.

आणखी मोठा. आणखी मोठा.

फ्लॅशची चौकोनी पांढरी चौकट. तिच्यापुढे तिकाटण्यावरचा काळा कॅमेरा.

आणि कॅमेऱ्यामागे…

वाकून उभं असलेलं कुणीतरी. एक कोपर बाहेर काढलेलं. फोकस करताना निघतं तसं.

"ओहोहो! स्टूल उठून उभं राहिलं की!" मागून कुणीतरी ओरडलं. "कोण गं हा? आम्हाला पत्ताच नाही!"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

"आत दुसरं कुणी नको म्हटलं होतं ना?"

"मास्तर, शप्पथ. मी एकटी होते."

"अगं, तुझ्याच डोळ्यात दिसतंय आणि तू मला सांगतेस?"

  रडकुंडीला येऊन ताई म्हणाली, "पुन्हा काढते. तुम्ही दाराशी बसा."

"बसतो. कुलूप लावून बसतो."

मंगळवारी चार वाजता ताई आत गेली. बाहेरून कुलूप लागलं.

 दार ठोकलं असतं तर मास्तरांनी लगेच उघडलं असतं. पण मग संध्याकाळची बस, आणि घर. ती दाराकडे गेली नाही.

स्टँड. फोकस. स्टूल. बटण.

ती बसली. टिक… टिक…

कडीचा आवाज येणार, म्हणून तिने कान टवकारले. आणि तिच्या तोंडून हळूच निघून गेलं, "आज नको ना. तिथे उभं राहू नको. माझी नोकरी जाईल."

टिक… टिक…

कडी फिरली नाही.

त्याऐवजी… कागद वाजला.

जमिनीवरचा तो पांढरा कागद. अनवाणी पाऊल पडलं की कर्रकन वाजतो, तसा.

एक पाऊल.

दुसरं.

तिसरं… स्टुलाच्या अगदी शेजारी.

ताई हलली नाही. हलली असती तर फोकस गेला असता.

खटॅक!

मास्तरांनी कुलूप उघडलं, फोटो लावला, डोळा मोठा केला. चौकट होती. तिकाटणं होतं. कॅमेऱ्यामागे कुणीही नव्हतं.

"बघ! जमतं की एकटीला," ते खूश होऊन म्हणाले. "फोकस जरा हुकलाय, पण चालेल. सोमवारपासून ये कामावर." मग त्यांनी पूर्ण फोटो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा डावा खांदा असा दबलेला का दिसतोय गं? सरळ बसावं माणसाने." आणि त्यांनी तेवढी कड कापून टाकली.

कापलेला फोटो आजही स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेला आहे.

न कापलेला ताईने मला दाखवला. कुडता खांद्यावर चेपला गेलाय. चार खोल चुण्या, शेजारी-शेजारी. पाचवी दिसत नाही. ती पाठीच्या बाजूला असणार.

"तू किंचाळली कशी नाहीस?" मी विचारलं.

ताईने फोटो माझ्या हातातून परत घेतला.

"अगं, मी नको म्हटलं आणि ते बाजूला झालं," ती म्हणाली. "दोन महिन्यांत माझं कुणी ऐकलं असेल तर तेवढंच."

या सुट्टीत ती घरी येणार होती. आली नाही. फोनवर म्हणाली, रविवारी स्टुडिओत काम असतं.

पण रविवारी स्टुडिओ बंद असतो. मास्तरांनीच मावशीला तसं सांगितलं.