मांजराखालची छत्री

ठाण्याच्या शैक्षणिक प्रदर्शनात देवयानीने त्याला प्रथम पाहिले, तेव्हा तो बालवाडीच्या चिमुकल्या खुर्चीत अडकून बसला होता.

"ओढू का?" तिने हसू दाबत विचारले.

"ओढा. पण मग माझा खेळ पाहावा लागेल!"

अद्वयचा घोडबंदर रोडवर दोन माणसांचा उद्योग होता आणि चित्रांच्या जागा लक्षात ठेवायला लावून मुलांची स्मरणशक्ती वाढवणारा हा त्याचा पहिलाच संगणकीय खेळ. देवयानी डोंबिवलीच्या शाळेत संगणक शिकवी. चौथीसाठी असे सॉफ्टवेअर निवडण्याचे काम तिच्याकडेच होते. सहा आठवडे वापरून पाहायचे, असे ठरले.

दर गुरुवारी तो नोंदी घ्यायला येऊ लागला. नोंदी थोड्या, गप्पा फार. मुलांचे गुण भराभर चढले, आणि त्याची पावले जिन्यात वाजली की देवयानीच्या हातून खडू निसटू लागला...

अखेरीस तिने सुरुवातीचीच चाचणी पुन्हा घेतली. तबकात बारा नव्या वस्तू मांडल्या, मिनिटभर दाखवून रुमालाने झाकल्या. सहा आठवड्यांपूर्वी मुलांना सरासरी सात आठवल्या होत्या. आताही सातच!

"बंटी, खेळात तर तुला पैकीच्या पैकी?"

"सोप्पंय बाई! मांजराखाली नेहमी छत्रीच असते."

देवयानी चपापली. तिने खेळ दहा वेळा उघडून पाहिला. चित्रांच्या जागा बदलतच नव्हत्या. मुलांनी पाढ्यांसारखा खेळच पाठ केला होता. अहवाल उद्या द्यायचा होता. 'घ्यावा' लिहिले, तर मुलांची फसवणूक. 'नको' लिहिले, तर गुरुवार संपले.

तिने आधी त्यालाच सांगितले. त्याने स्वतः खेळ दोनदा उघडून पाहिला. मांजराखाली छत्रीच!

"रागावलात?"

"स्वतःवर. खेळ बनवताना तपासणीसाठी चित्रांच्या जागा पक्क्या केल्या होत्या... बदलायच्या राहूनच गेल्या. सगळे नुसतं 'छान, छान' म्हणाले हो! नीट तपासून पाहिलंत ते तुम्हीच. 'नको'च लिहा. आणि... फार उपकार झाले."

"उपकार कसले?"

"खेळ असाच दुसऱ्या शाळांत गेला असता, तर शेकडो मुलं फसली असती माझ्यामुळे." त्याने बॅग खांद्याला लावली. "फक्त एक अडचण आहे. आई विचारते, दर आठवड्याला डोंबिवलीत एवढं काय काम? आता तिला काय सांगू?"

"खरं ते सांगावं."

"खरं सांगितलं, तर ती रविवारीच तुमच्या दारात उभी राहील!"

देवयानीने मान खाली घातली. अहवालावर स्वच्छ अक्षरात 'नको' लिहिले, सही केली. मग कागदावरची नजर न उचलताच म्हणाली —

"अकरापर्यंत या म्हणावं. पोहे गरम असलेले बरे."