चार रात्रींची बदली

बसा रे. लाइट साडेबाराच्या आधी येत नाही, आणि तुम्ही दहालाच येऊन मोटरीकडे टक लावून बसता. हरभऱ्याला पाणी रात्रीच द्यायचं हे कोणी ठरवलं, ते मला विचारू नका. दिवसभर दुकानात राबायचं, रात्री बांधावर येऊन डास मारायचे, आणि सकाळी पुन्हा गाडीला किक. शिवम, तू तर बसल्या जागी पेंगतो आहेस लेका. पेंगू नको. तुला बघून मला माझा भाचा आठवतो.

आधीच सांगून ठेवतो, मी भूत मानत नाही. छत्तीस वर्षं मास्तरकी केली. दर वर्षी पोरांसमोर लिंबातून रक्त काढून दाखवलं आणि त्यामागचं रसायन समजावलं. आमच्या विहारात या विषयावर भाषण माझंच असतं. उद्या उजेडी विचारलंत तर तेच सांगीन. पण नागसेन माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे, आणि त्याला त्या जागी मी पाठवलं होतं.

काम अगदी साधं होतं. आमच्या म्हशीसाठी सरकी हवी होती. नागसेन नांदुऱ्याला राहतो, शाळेची व्हॅन चालवतो. मी फोन केला, ‘‘लेका, कापसाच्या जिनिंगवरून एक पोतं घेऊन ठेव.’’ तो गेला. पोतं काट्यावर चढवता चढवता तिथला काटेवाला किसनराव म्हणाला, ‘‘रातचा चौकीदार पाह्यजे होता बाप्पा. हाय का कोनी ओळखीचा?’’

नागसेन म्हणाला, ‘‘हाय. मीच.’’

त्याला गरज होती. त्याची बायको दीपमाला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. रोज खामगावला जाऊन येऊन कॉलेज करायची. पोरगी महामाया, सात वर्षांची, बापाच्याच व्हॅनमधून शाळेत जायची. चार महिने निघाले की दीपमालाच्या हातात नोकरी, आणि मग रातपाळी सोडायची, असं दोघांचं ठरलं होतं. चार महिने म्हणजे काय, डोळे मिटून जातील, असं तो म्हणाला. डोळे मिटायला मिळाले असते तर कशाला हवं होतं!

रात्री आठ ते पहाटे पाच जिनिंगवर. पावणेसातला व्हॅन. अकरा लेकरं, त्यात स्वतःची एक. दुपारी परतीची फेरी. मधल्या वेळात झोप, पण दारावर कोणी ना कोणी यायचंच. नवराबायकोची भेट व्हायची ती उंबऱ्यावर. तो आत येताना ती बाहेर. एकच गोधडी दोघांना पुरायची, कारण दोघं एका वेळी झोपतच नव्हते. एकदा स्टेशनकडच्या वळणावर सिग्नलच्या खांबापाशी त्याचा डोळा लागला, क्षणभरच. मागून महामाया ओरडली, ‘‘पप्पा, म्हैस!’’ ब्रेक लागला. म्हैस वाचली, लेकरंही वाचली. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच धसका बसला, की एखाद्या सकाळी आपल्या हातून अकरा घरं उजाड होणार.

जिनिंगमधली पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. कापसाच्या गंज्या उघड्यावर. एक ठिणगी पडली की सगळं खाक. म्हणून चौकीदारानं जागं राहायचं, आणि जागा आहे हे कळावं म्हणून दर तासाला टोल द्यायचा. कडुलिंबाच्या झाडाला रेल्वेरुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर लोखंडी बोल्टानं ठोके. मालक मागच्या बंगल्यात झोपेतसुद्धा मोजतो. एक टोल चुकला की सकाळी नोकरी गेली.

आणि दुसरी पद्धत बदलीची. एकाची पाळी दुसऱ्यानं करायची, मग त्याची यानं फेडायची. लिहिलेलं कुठंही नसतं, नुसता शब्द. पण चौकीदार माणूस बायकोशी भांडेल, मालकाशी भांडेल, घेतलेली बदली बुडवणार नाही. तुही आज मी केली, माही उद्या तू कर. बस.

आता तारीख लक्षात ठेवा. दोन हजार चोवीस सालचा डिसेंबर, बारा तारीख, गुरुवार. रात्रीचा एक वाजला होता. नागसेननं एकचा ठोका दिला आणि चौकीदाराच्या खोलीपुढच्या शेकोटीशी येऊन बसला. मान सारखी खाली जात होती. गालावर चापट मारून घेतली, डोळ्यांना पाणी लावलं, उपयोग नाही. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

‘‘झोप, बापू. किती छळतं सोताले?’’

शेकोटीच्या त्या बाजूला एक म्हातारा बसला होता. अंगावर घोंगडी, कानाला मफलर. नागसेनला नवल वाटलं नाही. कापसाचे ट्रॅक्टर रात्रीच येऊन नंबर लावतात, त्यांतलाच कोणी शेकायला आला असेल.

‘‘झोपू कसा बाबा? टोल कोन देईन?’’

‘‘मी देतो. मले येते.’’

‘‘तुम्ही काऊन तरास घेता?’’

‘‘फुकट नाई घेत,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘बदली करू. तुही रात मी करतो. मले एक दिवस देजो.’’

नागसेन हसला. झोपेनं माणूस दारू प्यायल्यासारखा होतो. म्हणाला, ‘‘घ्या ना बाबा! एक काऊन, लागतीन तेवढे घ्या. दिवसाचं मले काय करा लागते?’’

असं बोलला. चौकीदार असून बोलला. तिथंच चुकला तो.

पाचच्या टोलानं त्याला जाग आली. शेकोटीशी कोणी नव्हतं. अंग हलकं झालं होतं, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. शुक्रवारी तेच झालं. शनिवारी तेच, रविवारीही. म्हातारा यायचा, ‘झोप’ म्हणायचा, आणि नागसेन लेकरासारखा आडवा व्हायचा. माणूस रोज कसा येतो, त्याच्या कापसाचा नंबर कसा लागत नाही, हे त्यानं विचारलं नाही. झोपेला विचार नसतो रे. तहानलेला ओंजळ धरतो, पाणी कुठल्या विहिरीचं ते नंतर बघतो.

सोमवार, सोळा तारीख.

जाग आली ती टोलानं नाही. शाळेच्या घंटेनं.

डोळे उघडले. समोर काच. काचेवर ऊन. हातात स्टेअरिंग. व्हॅन शाळेच्या फाटकाबाहेर उभी, नेहमीच्या जागेवर, सरळ लावलेली. घड्याळात साडेसात.

मागं वळून पाहिलं. व्हॅन रिकामी.

रात्री एकला खोलीत आडवा झाल्याचं आठवत होतं. त्यानंतरचं काही नाही. घरी गेलो? आंघोळ केली? लेकरं घेतली? सात गल्ल्या, रेल्वेची दोन फाटकं, हायवेचं वळण... काही नाही. खाली उतरला. फाटकावर कुलदीप शिपाई उभा होता.

‘‘लेकरं... लेकरं आली का रे सगळी?’’

‘‘तूच तं आनली! बारा मिनिटं आधी आला आज तू. काऊन बे, तब्येत बरी नाई का?’’

नागसेननं वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. महामाया दुसऱ्या बाकावर बसून पाढा म्हणत होती. तो भिंतीला टेकून रडला. मला त्यानं सांगितलं, मामा, मी तिथं उभ्या उभ्या रडलो. झोपेत गाडी चालवली होती त्यानं. अकरा लेकरं घेऊन. त्याला वाटलं ते एवढंच, आणि मलाही ऐकून तेच वाटलं असतं.

पण संध्याकाळी दीपमाला घरी आली ती हसत. डबा ओट्यावर ठेवून म्हणाली, ‘‘आज किती दिवसानं बोलले तुम्ही माह्याशी! चहा करून देला, कॉलेजचं इचारलं. बसस्टॉपवर सोडाले आले. असेच राहत जा ना ओ.’’

नागसेन तिला काय सांगणार? तो मी नव्हतो, असं सांगायचं? बाई खुशीत होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्याला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. आपल्या बायकोला आपल्या तोंडानं दुसराच कोणी बोलून गेला, आणि ते तिला आवडलं.

आठच्या आधीच तो जिनिंगवर पोचला. किसनराव काटा बंद करत होता.

‘‘किसनभाऊ, रातचा तो म्हातारा कोन हाय? घोंगडीवाला. कोनाच्या ट्रॅक्टरवर आला?’’

‘‘कोनता म्हातारा? चार दिवसापासून ट्रॅक्टर आत घेतलाच नाई. फाटकाले कुलूप हाय, चाबी तुह्याच जवळ.’’ किसनराव हळूच म्हणाला, ‘‘मी जवळच राह्यतो, टोल आयकू येते मले. चार राती झाल्या, शेवटचा ठोका हळू पडून राह्यला. म्हटलं, हे तं शेषरावची सवय होती. तुले कोनं शिकवली?’’

शेषराव म्हणजे आधीचा चौकीदार. बावीस वर्षं त्यानं एकही टोल चुकवला नाही. रात्रभर जागायचा आणि दिवसभर, खिडकीला पोतं लावून, झोपायचा. लेकीच्या लग्नात मांडवात बसल्या बसल्या घोरला. नातू झाला तो बघितला कंदिलाच्या उजेडात. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी झोपला तो उठलाच नाही.

पळून यायचं ना, असं म्हणाल तुम्ही. तो पळाला नाही. दिलेला शब्द परत घ्यायचा तर समोरासमोर घ्यायचा. आमच्या घरची खोड आहे ती.

दहाचा टोल त्यानं दिला. अकराचा, बाराचा दिला. एकचा दिला. शेकोटीशी बसला नाही, लिंबाखाली उभाच राहिला, बोल्ट मुठीत घट्ट धरून. चांदणं होतं. कापसाच्या गंज्या पांढऱ्या दिसत होत्या. वारा नव्हता. कुत्री गप्प होती.

दोनला पाच कमी.

‘‘झोप, बापू.’’

आवाज मागून आला. अगदी कानाशी.

‘‘नाई झोपत. बाबा... बदली मोडली. तुमचे उपकार हायत, पन मोडली.’’

नागसेननं मागं न बघताच पुढं म्हटलं, ‘‘माही लेक त्या गाडीत असते. माही बायको... तुमी माह्या घरात कायले आले?’’

म्हातारा बोलला, हळू, समजावल्यासारखा.

‘‘चार राती केल्या मी. एक दिवस भेटला. तीन राह्यले.’’

‘‘नाई बाबा...’’

‘‘तूच म्हनला, लागतीन तेवढे. मी तं चारच मागून राह्यलो.’’ मग घोगरा झाला आवाज. ‘‘बावीस वर्सं ऊन नाई पाह्यलं, बापू. लेकराईले पोचवीन मी. नीट पोचवीन. कोनाले धक्का नाई लागनार.’’

‘‘बाबा...’’

‘‘दोन वाजले. टोल दे.’’

हात आपोआप वर गेला. पहिला ठोका पडला. दुसरा...

दुसरा हळू पडला.

मग उजाडलं होतं. नागसेन आपल्या घराच्या उंबऱ्यावर उभा होता, हातात दुधाची पिशवी. दीपमाला पर्स खांद्याला लावून बाहेर पडत होती.

‘‘आज... मंगळवार ना?’’

‘‘काय ओ तुमी पन! शुक्रवार हाय.’’

वीस तारीख. मधले तीन दिवस नाहीत. मोबाइलमध्ये आहेत. बुधवारी शाळेचं गॅदरिंग होतं, महामाया नाचली, आणि व्हिडिओ नागसेनच्याच फोनमधून काढलेला. तिचा पहिला नाच. बापानं तो फोनवर बघितला, तिसऱ्या दिवशी, परक्यासारखा. ‘‘पप्पा, तुमी तं पुढंच बसले होते,’’ पोरगी म्हणाली. ‘‘मले खांद्यावर घेतलं.’’ त्याला हो म्हणावं लागलं.

रात्री कोण होतं जिनिंगवर? किसनराव शपथेवर सांगतो, तूच होतास, बोलत नव्हतास तेवढं. टोल सगळे पडले. आणि व्हॅनमधल्या अकरा लेकरांना ओरखडाही आला नाही. म्हाताऱ्यानं शब्द पाळला, तेही सांगायला हवं.

नागसेननं त्याच दिवशी रातपाळी सोडली. दीपमालाच्या शेवटच्या फीचं मी पाहिलं. आज ती नोकरीला आहे. सगळं ठीक आहे. फक्त कधी कधी तिच्या तोंडून निघून जातं, ‘‘त्या तीन-चार दिवसासारखे बोलत जा ना,’’ आणि नागसेन ताटावरून उठतो.

मी तेव्हा दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, गेलो होतो नांदुऱ्याला, निरोप मिळाल्या मिळाल्या. सगळं ऐकून घेतलं. म्हटलं, लेका, अतिश्रमानं होतं असं. मेंदू झोपतो, शरीर चालत राहतं. पुस्तकात आहे. दीपमालानं खोबरेल तेलाची वाटी आणली आणि त्याच्या तोंडाला लावू लागली. ‘‘पाहा ना मामाजी. व्हॅनच्या फेऱ्या सोडल्या तं तीन दिवस गच्चीवर बसून होते. उन्हात. जेवाले बलावलं तरी हलत नव्हते, नुसते टक लावून पाह्यत.’’

मी कंदिलासारखा मोबाइल जवळ धरून बघितलं. डिसेंबरचं कोवळं ऊन, त्यात लेकरं न्हाऊ घालतात. त्यानं कातडी जात नाही. पण नागसेनचं कपाळ, नाक, गाल, सगळं भाजल्यासारखं सोललं होतं.

पापण्या तेवढ्या सोललेल्या नव्हत्या. तेलाचं बोट लागलं म्हणून त्यानं डोळे मिटले, तेव्हा दिसलं. दोन्ही पापण्या तशाच होत्या. कोवळ्या. ऊन एकदाही न लागलेल्या.