रिकाम्या गादीचा गंडा

देवेश, तो मोबाइल ठेव खाली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मधे खी-खी चालणार न्हाय.

दोन हजार पंचवीस, जानेवारीची दहा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी सातला मी ब्राह्मण आळीतून माधव सरांचा तानपुरा टेंपोत घातला. पूर्ण्याला एका गोडाऊनमध्ये भुताच्या पिक्चरचं शूटिंग होतं. मेलेला गवई एका पोरीला गाणं शिकवतो, अशी काय ती स्टोरी. आपले सर शाळेत गाणं शिकवणारे, म्हणून सगळं नीट दाखवायला त्यांना बोलावलेलं. सोबत त्यांची मुलगी रुचिरा, चौदा वर्षांची. नटीच्या जागी हिचा हात दिसणार होता.

वाटेत ती म्हणाली, "बाबा, आज खोटा गंडा. खरा कधी बांधणार?"

गंडा म्हणजे गुरू शिष्याच्या मनगटाला दोरा बांधतो, गूळ-चणे भरवतो. मग दुसऱ्या कुणाकडं शिकायचं न्हाय. चार वर्षं पोरगी मागत होती. सर म्हणाले, "अजून सूर पक्का नाही तुझा." असा राग आला मला! एवढ्या गोड गळ्याचं लेकरू. पण मी पडलो ड्रायव्हर, टेंपो हाकत राहिलो.

सेटवर गुरूची गादी रिकामी. भूत नंतर कॉम्प्युटरवर घालणार होते. पण सरांना अर्धवट काही चालत न्हाय. त्यांनी खरे गूळ-चणे मांडले, कानाला हात लावून आपल्या गेलेल्या गुरुजींचं नाव घेतलं आणि दोरा गादीवर ठेवला. रुचिराला म्हणाले, "मनापासून माग."

तिनं हात पुढं केला, डोळे मिटले. "मला शिष्य करा..."

लाइट गेली.

मिनिटभर काळोख. तानपुरा माझ्या मांडीवर. तारा वाजत होत्या... मी हात लावला नव्हता.

लाइट आली. दोरा तिच्या मनगटावर. ओठाला गूळ.

"कुणी बांधला?" सर ओरडले. आई शप्पथ, सगळे लांब होते. सरांनी दोरा कापला. कशेळीच्या खाडीत मीच टाकून आलो.

घरी पोचताच सरांनी रुचिराला देवासमोर बसवलं. स्वतःचा गंडा बांधला, गूळ-चणे भरवले. "आता तू माझी," म्हणाले आणि ढसाढसा रडले. ती नुसती बघत होती... सरांच्या मागं.

तानपुरा टेंपोतच राहिलेला. सकाळी द्यायला गेलो, तर सर उंबऱ्यात बसलेले. आत रुचिरा गात होती. सूर पक्का. एवढा पक्का की सरांनी कान झाकले.

"माझ्या गुरुजींची चीज आहे ही, अनंता," ते पुटपुटले. "मलासुद्धा दिली नव्हती त्यांनी..."

त्यांच्या पायाशी रात्रीचा गंडा पडलेला. कापलेला न्हाय. एकेक गाठ सोडून, नीट गुंडाळून ठेवलेला. वर चण्याचे पाच दाणे आणि गुळाचा खडा. परत केलेला.

तो खडा मी उचलला. या डबीत हाय. मधे अख्खा पावसाळा गेला.

बघ, देवेश. एक मुंगी लागली न्हाय.