बालाघाट की परसवाडा

मोजपट्टीचं टोक खांबाला अडकवून मी मागे सरकत होते, तेवढ्यात कुणीतरी मनगट धरून मला बाजूला ओढलं. मी उभी होते तिथूनच लाल गाडी सायरन वाजवत बाहेर पडली. मला ओढणारा धावत जाऊन तिच्या पायरीवर चढला... आणि वळून चक्क हसला. माणसाला मरणाच्या दारातून ओढून कुणी हसतं का?

तो तेजराम, बालाघाटच्या अग्निशमन केंद्रातला फायरमन. मी पौर्णिमा, बांधकाम विभागातली उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता. सरकारी निधी एकाच कामाला मिळणार होता: बालाघाटच्या जुन्या केंद्राची डागडुजी, नाहीतर दूर जंगलाकडच्या परसवाड्याला नवं केंद्र. शिफारस मी करायची होती.

मोजमाप दोन दिवसांचं, पण मी आठवडाभर जात राहिले. साहेबांना सांगायचे, भिंतीची ओल बघतेय. एप्रिलच्या उन्हात कसली ओल, हे त्यांनी विचारलं नाही, नशीब माझं. तेजराम शिडी धरायचा, चहा आणायचा, न बोलता पंखा माझ्याकडे वळवायचा. मला वाटलं, जमलंच की आपलं! मग कळलं, नवं केंद्र झालं तर तिथे बदली मिळावी म्हणून त्याने आधीच अर्ज दिलाय.

माझं डोकंच चालेना. पंखा वळवणारा माणूस पळून का जातो?

"इथून जायाची एवढी घाई काहून हाय तुमाले?" मी चिडून विचारलं.

त्याने सांगितलं, की मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि वारा सुटला की आग गावात शिरते. परसवाड्याकडच्या रुख्माबाईचं घर असंच गेलं. इथून गाडी पोचली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं.

"घर जळालतं तिचं, अन् ते मलेच पानी देऊन राह्यली होती, मॅडम. म्हने, बेटा, दूर से आया है."

संध्याकाळी मी लिहायला बसले. डागडुजी लिहिली असती तर तो इथेच राहिला असता. दोनदा 'बालाघाट' लिहिलं, दोनदा खोडलं. स्वतःची लाज वाटली. शेवटी 'परसवाडा' लिहिलं आणि पोटभर रडले.

सकाळी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो सावकाश वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हे भरलं नाही तू." 'मॅडम'चं 'तू' कधी झालं, कोण जाणे.

कर्मचारी निवास: एकट्यासाठी खोली की कुटुंबासाठी घर?

"राहाणार तुमी. तुमीच सांगा," मी म्हणाले.

"तुले लग्नाचं पयलेच इचारलं असतं..." तो अडखळला. "तर तू बालाघाट लिहिलं असतं. अन् मीबी थांबलो असतो. म्हणून गप्प होतो."

हसावं की त्याला बदडावं, मला कळेना. मी रकान्यात 'कुटुंबासाठी' लिहिलं.

"मले ऑफिसात दहाले पोचा लागते," मी मान वर न करता म्हणाले. "परसवाड्याहून सकायची बस कितीले हाय?"