नुसत्या नावाचं पोस्टकार्ड

तीन वर्षांपूर्वी आलेल्या त्या पोस्टकार्डाला कुझुमी सरांनी उत्तर दिलं नव्हतं. आज ते त्यांनी गुप्तहेर तोगाशीबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"मुनेओकानं पाठवलंय. तीस वर्षं आम्ही मिळून शब्दकोश केला आणि ‘डिवचणे’ या एका नोंदीवरून फाटलं. तो म्हणायचा, डिवचण्यात हेतू लागतोच. मी म्हणायचो, समोरचा दुखावला की पुरे. उद्या कोश छापायला जातोय. ऋणनिर्देशात त्याचं नाव ठेवू की काढू?"

पत्त्याच्या जागी सरांचं नाव, रबरी शिक्क्यानं उमटवलेलं. पुढे आदराचं ‘सामा’ नाही. मागे वेडावाकडा एकच शब्द : डिवचणे.

"हा तर उघड अपमान!" मदतनीस निशिना म्हणाला. "माझी सासूसुद्धा ‘सामा’ लिहिते, आणि तिला मी डोळ्यांसमोर नको असतो."

बाईंनी कार्डावरून बोट फिरवलं. एक कड खरबरीत होती.

"घरून नववर्षाची कार्डं कोण पाठवायचं, सर?"

"माझी बायको, फुसाए. मला कुठं जमतं? ती जाऊन दोन वर्षं झाली."

"मुनेओकांचं अक्षर असंच?"

"छे, मोत्यासारखं! हे मला वेडावायला."

बाई आत जाऊन फोन करून आल्या.

"कड फाडलेली आहे. म्हणजे हे जोडकार्डातलं, प्रश्नाच्या कार्डाला जोडून कोरं पाठवतात ते उत्तराचं अर्धं. त्यावर पत्ता कोण घालतं, निशिना?"

"विचारणारा. स्वतःचाच." निशिना थबकला. "आणि स्वतःच्या नावापुढे कोण ‘सामा’ लावतं!"

"म्हणजे कार्ड तुमच्याच घरून गेलं, सर. शिक्का फुसाएबाईंच्या खणात असेल."

"पण उत्तर देणाऱ्यानं ‘सामा’ जोडायचं असतं. मुनेओका विसरणार नाही."

"विसरले नाहीत. मोत्यासारखं अक्षर असं होतं ते हात गेल्यावर. मी त्यांच्या मुलीलाच विचारलं. त्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. डाव्या हातानं तो एक शब्द लिहायला अख्खी दुपार लागली. दुसरं, प्रश्नाचं अर्धं तिनं जपलंय." बाईंनी टिपण वाचलं. "‘दोघं पुन्हा एकत्र बसलात, तर पहिला शब्द कुठला घ्याल? – फुसाए.’"

सरांनी कार्डाची खरबरीत कड बोटानं चाचपली.

"ती रोज विचारायची, काही पत्र आलं का. हे कार्ड लपवून मी ‘नाही’ म्हणायचो." त्यांनी चष्मा पुसला. "बाई, तुमचे उपकार... एक कार्ड मिळेल?"

त्यांनी लिहिलं : ‘हेतू लागतोच. तुझं बरोबर. ऋणनिर्देशात पहिलं नाव तुझं, शेजारी फुसाएचं. शनिवारी येतो.’

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी त्यांनी पत्त्यावरचं ‘सामा’ तीनदा तपासलं आणि मग कार्ड आत सोडलं.